दोन्ही खातेदार समक्ष

जगातल्या निम्म्या वस्तू धूसर असाव्यात, तरच उरलेल्या निम्म्या नीट दिसतात, असं ठामपणे मानणारा माणूस माझ्या बघण्यात एकच आहे. आणि त्या माणसाने चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली ती लोकांच्या शेतांच्या हद्दी काटेकोर करण्याची. आमच्या भागात त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणतात. नाव आहे त्यांना, पण ते बहुधा फक्त पेन्शनच्या कागदावर वापरलं जात असावं. उभं आयुष्य साखळी ओढली, तिपाईवर दुर्बीण लावली, भावाभावांच्या मधोमध दगड रोवले. आणि निवृत्त झाल्यावर मुलाने पुण्याहून एक कॅमेरा आणि हातभर लांब नळीची लेन्स आणून दिली, त्या दिवसापासून हा गृहस्थ माळावरची खोकडं, चंडोल, टिटव्या, काळवीटं यांचे फोटो काढत हिंडू लागला. नुसते काढत नाही, मोजून काढतो. खिशात रुमाल नसेल, पण पिशवीत तीस मीटरची फीत असतेच.

त्यांची माझी ओळख झाली तीच माझ्या चुकीने. आमचं गाव पारनेरपासून नऊ-दहा किलोमीटर आत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आणि आता पारनेरला ज्युनिअर कॉलेजात भिंगं आणि आरसे शिकवते. हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्यांनी खुशाल आणावा. तर एका मार्चमध्ये सकाळच्या तासाला निघाले असताना रस्त्याकडेच्या माळावर एक माणूस पालथा पडलेला दिसला. मातकट शर्ट, मातकट टोपी, हालचाल काही नाही. चक्कर येऊन पडला असणार म्हणून मी स्कूटी आडवी टाकून धावले आणि बाटलीतलं सगळं पाणी त्याच्या मानेवर ओतलं. माणूस उठला नाही, पण त्याच्या समोरून मातीच्याच रंगाचा एक पक्षी तुरुतुरु पळाला आणि उडून गेला. तो धाविक होता, हे मला नंतर कळलं. साहेब पाणी निथळत उठून बसले, माझ्याकडे न बघता माझ्या पाठीमागे काय आहे ते बघून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "पन्नास मिनिटं लागली हुती त्याला जवळ यायला. आसू द्या. तुमी जरा उजवीकडं सरका, तुमच्या डोक्यातून खांब निघालाय."

हा खांबाचा प्रकार पुढे आमच्या अंगवळणी पडला. साहेब कुणाच्याही तोंडाकडे आधी बघत नाहीत. तोंडामागे काय आहे ते बघतात. माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब, झाडाची फांदी, देवळाचा कळस असलं काही उगवलेलं दिसलं की त्यांना अन्न गोड लागत नाही. पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले तेव्हा आई कपबशी घेऊन दारात उभी राहिली, तर यांनी कप घ्यायला हातच पुढे केला नाही. म्हणाले, "ताई, दोन पावलं डावीकडं. डोक्यावर मीटरची पेटी बसलीय तुमच्या." आई सरकली, तर तिच्या कानामागून कॅलेंडर निघालं. शेवटी चहा बाहेर ओट्यावर झाला, कारण तिथून पाठीमागचा गोठा सत्तर फुटांवर होता आणि सत्तर फूट साहेबांना पुरेसे वाटले. ते गेल्यावर आई म्हणाली, "मानूस चांगला हाय, पन चहा गार करतो." एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामांना मंडपाच्या झालरीपासून ओढून सात फूट पुढे आणलं. मामा रुसले. साहेबांनी त्यांची समजूत घातली ती अशी, की रुसायचं तर जरूर रुसा, पण इथं उभं राहून रुसा. मामांना हसू फुटलं आणि फोटो त्याच वेळी निघाला. तो फोटो त्या घरात अजून लावलेला आहे. मामांमागचा सगळा मंडप ताकासारखा पांढरा झालेला आहे आणि मामा एकटे जगात उरल्यासारखे हसत आहेत.

त्यांच्या मंडळींची, म्हणजे आमच्या काकूंची, तक्रार वेगळीच. त्या मला एकदा भाजी निवडता निवडता सांगत होत्या, की लग्नातल्या फोटोत मी सगळी दिसत होते. नवी लेन्स आल्यावर यांनी कौतुकाने माझा फोटो काढला, त्यात एक नाक तेवढं स्पष्ट आहे. "मी म्हनलं, कान कुठं गेलं माजं? तर म्हनं, कान पिछाडीला गेलं."

पिछाडी हा साहेबांचा खास शब्द. चित्रात जनावराच्या मागे जे जे काही येतं, ती पिछाडी. पिछाडी धुवून काढायची, लोण्यासारखी मऊ करायची, मग जनावर उठून दिसतं, हा त्यांचा पहिल्या काही वर्षांचा धर्म होता. त्याचा हिशेब त्यांनी मोजणीतूनच काढला होता. आपण जनावराच्या जवळ, आणि पिछाडी जनावरापासून लांब. पक्षी आपल्यापासून दहा मीटरवर असला तर त्याच्या मागची टेकडी निदान शंभर मीटरवर पाहिजे. शिवाय लेन्सचं भोक मोठं ठेवायचं. भोक मोठं तेवढं लोणी जास्त. पक्षी बसायच्या आधीच हा माणूस फीत घेऊन काटेरी झुडपापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत जाऊन येई, आणि पक्षी त्या झुडपावर न बसता दुसऱ्यावर बसला की परत दुसऱ्याची मोजणी सुरू. मी भिंगं शिकवणारी, मला राहवेना. हे सगळं एका सूत्रात बसतं, इतकं चालायची गरज नाही, असं मी त्यांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते सूत्र वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून नेलं. साहेबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, एक आकडेमोड करून बघितली, कागदाची नीट घडी घालून तो खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर हाय, मॅडम. पन हे पालथं पडल्यावर दिसत न्हाई." तेव्हापासून मला ते फिजिक्स मॅडम म्हणतात. त्यात थोडी थट्टा असते, पण थोडा आदरही असतो, आणि मी दोन्ही ठेवून घेते.

पालथं पडताना लेन्स टेकवायला त्यांनी हुलग्यांची एक पिशवी शिवून घेतली होती. दोन किलो हुलगे, जाड मांजरपाट, वर काकूंनी घातलेली शिवण. पिशवीवर लेन्स ठेवायची, म्हणजे हात हलत नाही. एकदा राळेगणच्या वाटेवर एका तळ्याकाठी ते टिटवीची पिल्लं टिपत असताना मागून एक शेळी आली आणि तिने पिशवीचा कोपरा फोडून हुलगे खायला सुरुवात केली. साहेबांचा डोळा कॅमेऱ्याला. पिशवी हळूहळू खाली बसत गेली तशी लेन्स खाली बसत गेली, आणि त्या ओळीतले फोटो बघितले तर पहिल्यात टिटवी आहे, दुसऱ्यात टिटवीचे पाय आहेत आणि पुढच्या सहांत उत्तम प्रकारे स्पष्ट आलेले खडे आहेत. त्यांनी ते खडे पुसले नाहीत. अजून दाखवतात, आणि दाखवताना शेळीवर जराही राग नसतो. पिछाडीकडे लक्ष न दिल्याची शिक्षा, म्हणतात.

पण त्यांच्या छंदाला खरा त्रास झाला तो त्यांच्या नोकरीचा. आमच्याकडे तिपाई लावून माळावर उभा राहिलेला माणूस म्हणजे मोजणी, हे लहान पोरालाही माहीत. आणि त्यातून तिपाईमागे जर प्रत्यक्ष मोजणीसाहेब असतील तर विचारायलाच नको. एकदा ते आपल्या मूळ मुलखात, म्हणजे जामखेडकडे, एका विहिरीवर सुगरणीची घरटी टिपायला गेले. तिपाई उभी राहून दहा मिनिटं झाली नसतील, तोवर विहिरीच्या एका अंगाने एक घर चहा घेऊन आलं आणि दुसऱ्या अंगाने दुसरं घर काठ्या घेऊन आलं. साहेबांनी दोन्ही घरांना सांगितलं, की मी सुगरणीचा फोटो काढतोय, तुमच्या विहिरीशी माझा संबंध नाही. त्यावर एका म्हाताऱ्याने बराच विचार करून विचारलं, "ते खरं हो साहेब. पन सुगरन कुनाच्या हिश्श्यात घर करतीय, तेवढं सांगा." साहेबांनी तिपाई मिटली आणि घरी आले.

आता यात माझाही एक वाटा आहे, तो सांगायला हवा. आमच्या कॉलेजात मी त्यांच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन लावलं. तीस फोटो. मुलं बघून थक्क झाली, प्राचार्यांनी नारळ दिला. सगळे गेल्यावर साहेबांनी मला विचारलं, कसं वाटलं खरं सांगा. खरं सांगा म्हटल्यावर मी खरंच सांगते, हा माझा जुना दोष आहे. मी म्हटलं, साहेब, सुंदर आहेत, पण यातलं एकही जनावर आपल्या तालुक्यातलं वाटत नाही. तुम्ही मागचं इतकं धुता की हा चंडोल पारनेरचा की परदेशातला, काही कळत नाही. त्याला गावच ठेवला नाही तुम्ही. साहेबांनी तीसही फोटो पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितले. त्यानंतर आठ-दहा दिवस ते आलेच नाहीत, आणि मी स्वतःला पुष्कळ बोलून घेतलं. मग एका संध्याकाळी आले आणि ओट्यावर बसायच्या आधीच म्हणाले, "धुवायचं, पन ओळख ठिवून. पिछाडी कळली पाहिजे, आन पुढं यायला नको. चौतीस वर्षं मी उलटं काम केलं, म्हनून सुचलं न्हाई."

तेवढ्यात आमचा बांध निघाला. आमचे वडील, आप्पा, आणि धाकटे चुलते तात्या, यांच्या शेतांमधून एक बांध जातो. मी नगरला होस्टेलवर असताना त्याची मोजणी झाली होती, आणि ती करायला आले होते ते हेच साहेब. मोजणीच्या गावात ते कुणाच्या पाण्याच्या घोटालाही शिवत नसत. भाकरी घरची, पाणी घरचं. निकाल असा लागला की बांध जिथं होता तिथंच बरोबर होता. याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. एकाचं चुकलं असतं तर दुसरा तरी खूश झाला असता. इथं आप्पांना वाटलं आपला दीड हात गेला, तात्यांनाही वाटलं आपला दीड हात गेला, आणि हे तीन हात नेमके गेले कुणाकडे, हे मी पदवीधर असून मला आजवर सोडवता आलेलं नाही. त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलायचे बंद झाले. घरं समोरासमोर, देव एक, पण बोलणं नाही. सात वर्षं झाली होती. साहेबांवर मात्र कुणाचा राग नव्हता. उलट निवृत्तीनंतर ते एकाकडे चहा प्याले की दुसऱ्याकडे प्यावाच लागे, आणि आमच्या गावात आले की त्यांचे किमान चार कप होत.

तर दोन वर्षांपूर्वी, ज्वारी निघून रानं मोकळी झाली आणि आप्पांनी ठरवलं की बांध जेसीबीने सपाट करून दगडांच्या रेषेवर तारेचं कुंपण घालायचं. जेसीबी सोमवारी सकाळी येणार होता. आणि त्याच आठवड्यात साहेबांना दिसलं, की त्यांनी स्वतः रोवलेल्या दगडाच्या बुडाशी खोकडाने बीळ केलं आहे. खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, सडपातळ जनावर, शेपटीच्या टोकाला काळा झुबका. बिळात पिल्लं होती, डोळे उघडून दहा-बारा दिवस झालेली. साहेब धावत आप्पांकडे आले. महिनाभर थांबा म्हणाले, पिल्लं पळती झाली की घर सोडतात. आप्पांची खोकडाला हरकत नव्हती, पण ते म्हणाले, "मी थांबलो तर गाव म्हनंल, भावाला भ्याला." साहेब समोरच्या घरी गेले. तात्यांचीही खोकडाला हरकत नव्हती, त्यांना तर कुंपणच नको होतं, पण ते म्हणाले, "मी थांब म्हनायचा अवकाश, त्यो आज सांच्यालाच जेसीबी आनंल." साहेब दोन्हीकडचा चहा पिऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. दगड मी रोवला, म्हणाले, त्याच्या बुडाशी ती बिचारी विश्वासानं राहायला आली.

शनिवारी दुपारी दोन्ही घरांना एकेक नोटीस आली. साध्या कागदावर, मोजणीखात्यातल्या त्या तिरक्या, ठसठशीत अक्षरात. विषय होता, दोन गटांमधील बांधाच्या छायाचित्राबाबत. खाली लिहिलं होतं, की सदर छायाचित्र सोमवारी सायंकाळी पाच वाजता जागेवर घेण्यात येणार असून दोन्ही खातेदारांनी कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे. तोवर बांधाची स्थिती बदलू नये. गैरहजर राहिल्यास एकतर्फी फोटो काढण्यात येईल. सही, आणि सहीखाली प्रामाणिकपणे, निवृत्त.

आप्पांनी ती वाचली, परत वाचली, मग माझ्याकडे दिली. मी सरळ सांगितलं, की आप्पा, हा कागद कशाचाच नाही. शिक्का नाही, सही निवृत्त माणसाची आहे, आणि विषयात मोजणी नाही, फोटो लिहिलाय. आप्पा म्हणाले, "मला वाचता येतंय. पन त्यो गेला आन मी न्हाई गेलो, तर?" या प्रश्नाला पदार्थविज्ञानात उत्तर नाही. आप्पांनी जेसीबीवाल्याला फोन करून सोमवारचं रद्द केलं, आणि समोरच्या घरात तात्या कपाटातून कागदांची पिशवी काढताना खिडकीतून दिसले.

सोमवारी दोघं पाचला दहा मिनिटं कमी असतानाच हजर. धुतलेली टोपी, धुतलेला सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी. साहेबांनी सगळं आधीच मोजून ठेवलं होतं. कॅमेऱ्यापासून बीळ बारा मीटर. बिळापासून पुढे बांधाच्या टोकाला बाभळ, ती तीस मीटर. बाभळीखाली बांधाच्या या अंगाला एक गोणपाट आणि त्या अंगाला एक गोणपाट, म्हणजे ज्याने त्याने आपापल्याच जमिनीवर बसायचं. मला हळूच म्हणाले, "खोकड वस्तीचं जनावर हाय, मॅडम. पाठीमागं दोन टोप्या पाहिजेत. टोप्या कळल्या पाहिजेत, मानसं कळायला नकोत." मग त्यांनी खातेदारांना अटी वाचून दाखवल्या. सूर्य टेकडीला टेकेपर्यंत उठायचं नाही आणि एकमेकांशी बोलायचं नाही. दुसरी अट कुणालाच जड गेली नाही.

मी साहेबांच्या उजव्या हाताला पालथी पडले. पोटाखाली ढेकळं, नाकासमोर कुसळं. लेन्सचं भोक त्यांनी नेहमीपेक्षा लहान केलं होतं. पाऊण तास काही नाही. मग बिळाच्या तोंडाशी दोन कान आले, मग अख्खी खोकडीण बाहेर येऊन दगडाशेजारी बसली. उतरत्या उन्हात तिच्या कानांच्या कडा पेटल्यासारख्या दिसत होत्या, आणि साहेबांनी मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोटाने दाखवलं, तिच्या मागे, दोन पांढरे ठिपके, मधे बाभळीची हिरवट सावली. गाव होता आणि पुढे येत नव्हता. साहेबांचा श्वास मला ऐकू येत होता.

सगळं मोजलं होतं, फक्त एक गोष्ट मोजणीत आली नव्हती. घुशींनी पोखरलेल्या त्या बांधातून बिळाला दुसरं तोंड होतं, आणि ते थेट बाभळीच्या बुडाशी, दोघा खातेदारांच्या पाठीमागे निघत होतं. आप्पा पूर्वेकडे तोंड करून बसलेले, तात्या पश्चिमेकडे. तात्यांची पिशवी बांधावर ठेवलेली. तिच्यात जमिनीचे कागद, आणि वेळ लागला तर असावी म्हणून चुलतीने बांधून दिलेली भाकरी आणि सुकटाची चटणी. त्या सुकटाच्या वासाने एक पिल्लू मागून आलं. त्याने पिशवीचा कान दातांत धरला आणि उलटं उलटं चालत ओढायला लागलं. हे मला दिसत होतं, आप्पांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं, फक्त तात्यांना दिसत नव्हतं. आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. पिशवी हातभर गेली, दोन हात गेली. आणि सात वर्षांनी आमचे आप्पा आपल्या धाकट्या भावाला म्हणाले, "आरं, तुजं कागद चाललं."

तात्या वळले, झेपावले, आप्पाही झेपावले. प्लास्टिक फाटलं, भाकरी बाहेर पडली आणि कागद पिल्लासकट आत गेले. दोघं भाऊ गुडघ्यांवर बसून त्या भोकात वाकून बघत होते, टोपीला टोपी लागली होती. इकडे खोकडिणीने मान वळवून मागे पाहिलं, आणि साहेबांचं बोट त्याच क्षणी दाबलं गेलं.

कागदांत बाकीचं सगळं परत मिळण्यासारखं होतं. मी तसं म्हणालेसुद्धा, की सातबारा काय, मोबाईलवर निघतो. तर दोघांनीही माझ्याकडे रागाने बघितलं. कारण त्यात आजोबांनी केलेलं वाटणीपत्र होतं. दोघांच्या सह्या असलेलं, एकच. ते काढायचं तर बांध खणावा लागणार होता. तात्या भोकाकडे बघत उभे राहिले. आप्पा टोपी झटकत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पिल्लं जाऊ दे, मंग काढू दोघं." साहेब यातलं काही ऐकत नसल्यासारखे फीत गुंडाळत होते. नंतर मी त्यांना विचारलं, की खरा फोटो मागे घडत होता, तुम्ही फोकस मागे का नेला नाही? ते म्हणाले, "ती त्यांची घरातली गोष्ट हाय, मॅडम. ती पिछाडीलाच बरी."

जूनच्या सुरुवातीला खोकडं गेली. आप्पा आणि तात्यांनी खुरप्यांनी दोन्ही तोंडं थोडी थोडी उकरली. प्लास्टिकचे तुकडे निघाले, कुणाची तरी एक चप्पल निघाली, वाटणीपत्र निघालं नाही. ते अजून बांधात आहे. म्हणून जेसीबी आणायचा विषय दोघंही काढत नाहीत. फार गोडी झाली असं मी म्हणणार नाही, मला खोटं लिहिता येत नाही. पण आठवड्यातून एकदा बांधावर उभं राहून एक जण विचारतो, काही दिसलं का, आणि दुसरा म्हणतो, न्हाई अजून. मग ते पावसाचं बोलतात, दुधाचं बोलतात.

त्या फोटोच्या साहेबांनी दोन प्रती काढून दिल्या, दोन्ही घरांना, चौकटी फुटपट्टी लावून तंतोतंत सारख्या. पुढे खोकडीण, मिशीचा केस न केस मोजावा अशी. मागे बाभळीची सावली, आणि सावलीत दोन पांढरे डाग एकमेकांत मिसळलेले. आल्यागेल्याला आप्पा सांगतात, हा मी आणि हा माझा भाऊ. कधी ते डावीकडच्या डागावर बोट ठेवतात, कधी उजवीकडच्या.

गेल्या दिवाळीनंतर साहेबांना मुलाने पुण्याला नेलं. गुडघे कुरकुरायला लागले होते, काकूंनाही एकटीने होत नव्हतं. जाताना तीस मीटरची फीत त्यांनी मला दिली; कॅमेरा नेला, पण फोनवर म्हणतात, पिशवीतून काढलेला नाही. त्यांची खोली चौथ्या मजल्यावर आहे. खिडकीत कबुतरं येतात, पण कबुतराला लागून भिंत आणि भिंतीला लागून दुसरी भिंत. "मागं जागाच न्हाई हो मॅडम. धुवायचं म्हनलं तर काय धुवायचं?" असं म्हणून हसतात, आणि हसणं संपल्यावर न चुकता विचारतात, "बांध हाय ना?" मी म्हणते, आहे.

या वर्षी परत बीळ झालं. साहेबांनी फोनवर सगळं सांगितलं आणि परवा कॉलेजचा जुना कॅमेरा घेऊन मी गेले. फितीने मोजलं, बारा आणि तीस. बाभळीखाली दोन गोणपाटं टाकली. आप्पा येऊन बांधाच्या आपल्या अंगाला बसले. तात्या डेअरीला दूध घालायला गेले होते, त्यांचं गोणपाट रिकामं. मी पालथी पडले. ऊन टेकडीवर आलं तशी खोकडीण बाहेर आली आणि त्याच दगडाशेजारी बसली. तिच्या कानांच्या कडा पेटल्या. हा उजेड पाच-सात मिनिटंच टिकतो, हे मला आता सूत्राशिवाय कळतं. मी हात वर करून आप्पांना खूण केली, काढते आता.

आप्पांनी नकाराची मान हलवली. हात लांब करून बांधापलीकडच्या रिकाम्या गोणपाटावर ठेवला आणि जनावर बुजणार नाही एवढ्याच आवाजात म्हणाले, "थांब. येऊ दे त्याला. एकतर्फी नको."

खोकडिणीने कान टवकारले, पण गेली नाही. मी बोट काढून घेतलं आणि थांबले. माझ्या डाव्या हाताला, जिथं साहेब पडायचे, तिथली कुसळं पुन्हा उभी राहिली होती.